बयचे चार ग्लास

आधी बयचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. बय नसती तर त्या श्रावणात मी गाठोडं बांधून वाशीमकडच्या एस.टी.त बसले असते, आणि आमच्या गावात आयुष्यभर 'भिवंडीत शेठच्या कापडावर हळद सांडून खोटं बोललेली' म्हणून राहिले असते. तसं झालं नाही, त्याला कारण बय.

बय आमची घरमालकीण. रेशनकार्डावर तिचं वेगळं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. तिच्या पाच खोल्यांतले भाडेकरू, दूधवाला, समोरचा लोहार, सगळे तिला बय म्हणायचे. उंच, काळीसावळी, कासोटा घट्ट मारलेला, आणि चालताना पुढे बघण्याऐवजी डावी-उजवीकडे बघत चालायची. काहीतरी हरवलंय आणि ते आत्ता सापडणार आहे, अशी. तिच्या सासऱ्याची भातशेती होती, तिथे आता कापडाची गोडाऊनं उभी होती. मुलाकडे चारचाकी होती. बय मात्र सगळीकडे पायी किंवा एस.टी.नं.

तिच्या घरात कुठलीच वस्तू एकटी नसायची. लोणच्याच्या बरण्या दोन, एक खिडकीत आणि एक खाटेखाली. तुळशी दोन, एकीला सकाळी पाणी, एकीला संध्याकाळी. जिन्याच्या पायऱ्या डाव्या अंगाला एका पावडरीनं धुवायची, उजव्या अंगाला दुसऱ्या. महिन्याभरानं आमचा जिना अर्धा उजळ आणि अर्धा मळका दिसायला लागला. मुलगा वैतागला, "आये, पावनं येतान घरी, काय बोलतील?" तर म्हणाली, "बोलू दे. डाव्या बाजूनं चढा बोल त्यांना."

मी राहायला आले तेव्हा मीठ कुठं ठेवू विचारलं, तर तिनं मला जे सांगितलं ते नंतर हजार वेळा ऐकलं. "एकट्या वस्तूवर इस्वास ठेवू नको गो. एकटी वस्तू कायपन बोलते. दोन ठेव आन भांडू दे त्यांना."

गुडघे दुखायला लागले तेव्हा ती दर महिन्याला अकलोलीच्या गरम कुंडावर जायची. तिथे काठावर बसून डावा पाय पाण्यात सोडायची, उजवा बाहेर, कोरडा. बाकीच्या बायका म्हणायच्या, "अगो, दुसरा पन घाल!" ही म्हणायची, "त्यो तपासायला ठेवलाय." वर्षभरानं तिनं निकाल दिला. "डावा बरा झाला. पन उजवा बी बरा झाला. म्हंजे पानी न्हाय. ष्ट्यांडापासून चालत जाते ना, त्यानं झाला." त्या दिवसापासून कुंड बंद, चालणं चालू.

तिला लिहिता फार येत नव्हतं, शाळा तिसरीपर्यंत. म्हणून जे तपासायची त्याच्या दारामागच्या भिंतीवर कोळशानं रेघा असायच्या. मोकळा गोल म्हणजे ऊन, भरलेला गोल म्हणजे अंधार, खाली दिवसांच्या रेघा. दर दिवाळीला घर रंगवायचे, पण तेवढी भिंत सोडून. रंगारी नवा असला की बय स्वतः भिंतीपुढे खुर्ची टाकून बसायची.

आता माझं. आठवीत माझी शाळा सुटली. घरच्यांनी सोडवली म्हणा. लग्न झालं, आमचे हे ट्रकवर, एकदा दक्षिणेकडे गेले की पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसायचं नाही. मी भित्री. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत येऊन ओढून बघायची. इथली भाषा अर्धी हिंदी, अर्धी ह्यांची आगरी. माझी वऱ्हाडी ऐकून लोक हसायचे, म्हणून मी बोलायचीच नाही. अशी मी, आणि मला नोकरी लागली फोल्डिंगमध्ये. म्हणजे मागावरून आलेलं कच्चं कापड टेबलावर ओढायचं, तुटी आणि डाग बघायचे, पेन्सिलीनं खूण करायची, घडी घालून तागे रचायचे. आधी नुसत्या घड्या घालायची. मग तपासणारी एक बाई गावी गेली आणि शेठनं तिच्या जागी मला बसवलं. खुर्ची होती आणि कानाला पेन्सिल. आठवीत शाळा सुटली म्हणून ज्यांनी मला हिणवलं त्या सगळ्यांना ती पेन्सिल दाखवावी असं मला रोज वाटायचं.

सहा आठवडे सगळं ठीक चाललं. श्रावणात एका लॉटचे तागे गोडाऊनच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात रचलेले होते. एका दुपारी वरचे काही उचलले तर त्यांच्यावर पांढरी लव. कापूस पिंजून भुरभुरावा तशी. बुरशी धरली होती. पण आमच्याकडे पापडाला बुरा आला, गादीला वास आला, की काय करतात? ऊन दाखवतात. मी कुणाला विचारलं नाही, ही माझी चूक खरीच. पाच तागे एकेक करून ओढत खिडकीखाली नेले, उलगडून पसरले, आणि वाटलं, उद्यापर्यंत लव झडेल, कुणाला कळणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाचही ताग्यांवर केशरी डाग. पिवळट-केशरी, हळदीच्या हाताचे ठसे उमटावेत तसे.

आमचे मेहताजी म्हणजे गोडाऊनचा हिशेब बघणारे, बारीक चणीचे, कायम घाईत. त्यांनी बघितलं आणि सगळ्या खात्यासमोर ओरडले, "ये हल्दी है! डबा खाते वक्त गिराया! हल्दीवाली बाई!" मी म्हटलं, "मी नाही जी, मी फक्त ऊन दाखवलं." हे बोलले आणि आणखी फसले. "मतलब तूच हलवले ना तागे? कुणी सांगितलं?" शेठ आला. शेठ तसा वाईट माणूस नव्हता. पण शनिवारी व्यापारी माल बघायला येणार होता. तो म्हणाला, "बाई, चूक झाली तर चूक झाली सांग. खोटं बोलणारा माणूस मला तपासणीला नको. शनिवारपर्यंत सांग, नाहीतर सोमवारपासून येऊ नको."

घरी येऊन मी ट्रंक काढली. बय दारात उभी. "काय गो, कुठं निघालीस?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. बयनं हळद-बिळद काही ऐकलं नाही. तिनं एकच विचारलं, "अंधारात होती तवा पांढरी. उजेडात नेलीस तवा केशरी. व्हय का न्हाय?"

"हो."

"आन अंधारात अजून हायत का, हात न लावलेली?"

"खालचे सहा तागे आहेत."

"मंग रडतेस कशाला? जोरी मिलाली ना!" जोडी मिळाली म्हणून ती अशी खूष झाली की माझं रडणं अवघडून थांबलं.

दुसऱ्या दिवशी बय माझ्याबरोबर गोडाऊनवर आली. शेठ तिला ओळखायचा. ज्या जमिनीवर त्याचा पत्रा उभा होता, ती जमीन बयच्या सासऱ्याची होती. तो खुर्चीतून उठला. "बय, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"तरास न्हाय. तुझा कोपरा बगायला आली. हितं आमची खाचर होती, तवा पन ह्या कोपऱ्यात पानी साचायचं." मग मेहताजींकडे वळून, "ही बोलते बुरशीला उजेडानं रंग चढला. तू बोलतोस हलद. दोघं भांडताय. मी दोन ग्लास ठेवते, त्यांना भांडू दे."

मेहताजी हसले. "मावशी, बुरशी हरी होते, काळी होते. रंग बदलते क्या? गिरगिट है क्या?"

खालचा एक तागा त्यांनी स्वतःच काढला, म्हणजे मी काही केलं म्हणायला नको. त्यावर पांढरी लव. तो खिडकीपाशी आणला, बयनं दोन तुकडे कापले, ओल्या फडक्यावर ठेवले, वर चहाचे काचेचे ग्लास उपडे घातले. एका ग्लासावर मोडक्या छत्रीचं काळं कापड दुहेरी गुंडाळलं. दोन्हींना दोरा बांधला आणि दोऱ्यावर मेहताजींच्या सहीची चिठ्ठी चिकटवली. खिडकीच्या फळीवर सावलीतल्या उजेडात ठेवले. मला वाटलं, झालं, वाचले.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. उघडा ग्लास केशरी. मी हसायला लागले. मेहताजींनी काळं कापड सोडलं. तोही केशरी.

 मेहताजी म्हणाले, "लो. अंधेरे में भी हल्दी!" शेठ मान हलवून निघाला. शुक्रवार होता. उरला एक दिवस.

बय ग्लासाकडे बघत राहिली, डावीकडून, मग उजवीकडून. मग तिनं मला विचारलं, "तुकडे कापले कुठं?"

"इथंच. खिडकीपाशी."

"आन कापाया किती येल लागला?"

"लागला असेल, चहा होईपर्यंत."

बयनं कपाळावर हात मारला आणि खदखदून हसली. तिच्या हसण्यानं माझा जीव आणखी घाबरला. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "अगो, आपनच दाखवला तिला उजेड! झाकायच्या आधीच बगितला तिनं! एकदा बगितला, झालं. मंग झाकलास तरी तिला आठवतंय!"

शेठला तिनं गाठलं. "एक येल आजून. हरलो तर पोरीला मी स्वतः वाशीमच्या गाडीत बसवते." पण बयच्या मनात हरणं नव्हतंच. तिच्या चेहऱ्यावर अशी चमक होती, जशी लग्नात नवरीच्या आईच्याही नसते.

ह्या खेपेला तिला अंधारातला तागा अंधारातच कापायचा होता. तिनं घरून जाडजूड गोधडी आणली. गोडाऊनच्या आतल्या कोपऱ्यात, तागा हलवायचा नाही, त्यावर गोधडी, आणि गोधडीच्या आत बय कात्री घेऊन. पण साक्षीदार हवा. बयनं गोधडीचं टोक उचलून मेहताजींना आत बोलावलं.

"मैं? अंदर? अरे मावशी, लोग क्या बोलेंगे?"

"ये रे. माझ्या नातवाएवढा हायस. तू न्हाय आलास तर मागनं बोलशील हलद टाकली."

सगळं फोल्डिंग खातं काम सोडून उभं. मेहताजी गेले आत. गोधडीला दोन डोकी उठली. आतून आवाज: "अगो, कात्री कुठं?" "मावशी, वो मेरी उंगली है!" "मंग काड ना बाजूला!" बाहेर बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. इतके दिवस मुकी असलेली मीही हसले. गोधडीखालीच चार ताटल्यांत तुकडे बसले, चार ग्लास उपडे पडले, आणि चारही काळ्या कापडात गुंडाळून बाहेर आले. मेहताजींचे केस उभे, चष्मा वाकडा, पण सही त्यांचीच.

"चार कशाला?" मी विचारलं.

"दोन तुझ्यासाठी," बय म्हणाली. "एक काला ऱ्हाईल, एक उघडा. दोन माझ्यासाठी." तिनं कमरेच्या पिशवीतून गेल्या गणपतीच्या मखराचे उरलेले जिलेटीनचे कागद काढले, लाल आणि निळा. "एवढ्याशा उजेडानं जागी होते ही. मंग कुठला उजेड बगते, ते नको का बगायला?" काळ्या कापडाखाली हात घालून, चाचपडतच, तिनं एका ग्लासाला लाल कागदाचे दोन पदर गुंडाळले, दुसऱ्याला निळ्याचे. मग त्या दोघांवरचं आणि उघड्यावरचं काळं कापड काढलं. चौथा काळाच राहिला.

शनिवारी व्यापारी दहाला येणार होता. आम्ही आठला जमलो. मला भाकरी गेली नव्हती. मेहताजींनी उघड्या ग्लासाची चिठ्ठी फाडली: केशरी, गर्द. काळ्याची फाडली. सगळे वाकले.

पांढरा. धुतल्या कापसासारखा पांढरा.

कुणीतरी टाळी वाजवली. मेहताजी तुकडा उलटून-पालटून बघत राहिले, नाकाशी नेला, आणि पहिल्यांदा हिंदी न मिसळता मराठीत म्हणाले, "बाई, हळद नाही ही." शेठ माझ्याकडे बघून म्हणाला, "बस तुझ्या खुर्चीत." माझे पाय लटपटत होते म्हणून मी लगेच बसले, आणि सगळ्यांना वाटलं मी रुबाबात बसले.

पण बयचं लक्षच नव्हतं. तिनं लाल कागद सोडला होता: पांढरा. निळा सोडला: केशरी. ती खाली फरशीवर बसली, दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन.  मग हळूच म्हणाली, "लाल तिला अंधारच हाय. निला दिसतो. निलाच का गो?"

मला काय माहीत? मी आठवी.

त्यानंतर तिनं शेठला शेवटचा प्रश्न केला. "ह्या कापडाची खल कुठून आली? हिच्यात मोरचूद घातलेला का?" मुलांच्या वह्या चिकटवायच्या खळीतसुद्धा मोरचूद घालतात, नाहीतर ती नासते, हे सगळ्यांना माहीत, पण कापडाच्या सुताला जी खळ लावतात तिचा विचार कुणी केला नव्हता. सुताला खळ चढवणाऱ्या कारखान्याला विचारलं, तर त्या लॉटला घालायचा राहून गेला होता. व्यापाऱ्याला तो लॉट दाखवलाच नाही, दुसरा दाखवला, आणि तो पास झाला. खराब लॉट कारखान्यानं मुकाट्यानं परत घेतला.

पुढच्या सोमवारपासून येणाऱ्या प्रत्येक लॉटचा एक तुकडा ओला करून मी दोन ग्लासांखाली ठेवायला लागले, एक झाकलेला, एक उघडा. उघड्यात केशरी दिसलं की तो लॉट बाजूला. खात्यात त्याला 'बयचा ग्लास' म्हणायचे. मेहताजी गोडाऊनवर नवीन माणूस आला की स्वतः समजावून सांगायचे आणि गोधडीची गोष्ट मात्र गाळायचे. ती मी सांगायची. मी बोलायला लागले होते.

बय त्यावर थांबली नाही. माझ्या मागे लागली, की दहावीचा बाहेरून फॉर्म भर. "निलाच का, ते पुस्तकात असंल. मी तिसरी, मला दिसनार न्हाय. तू बग." मी नाही म्हटलं, भीती वाटते म्हटलं. तर तिनं भिंतीवर माझ्या नावानं एक गोल काढला, मोकळा, आणि म्हणाली, "ह्यो ऊन का अंधार, तू ठरव." मी भरला फॉर्म. दोन विषय पहिल्या खेपेला राहिले, दुसऱ्या खेपेला निघाले. निकालाच्या दिवशी बयनं जिन्याच्या दोन्ही बाजू एकाच पावडरीनं धुतल्या. तिच्याकडून तो मोठा मान होता.

मला दहावीसाठी रविवारी शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाईंना मी बुरशीचं विचारलं. त्या म्हणाल्या, बुरशीच्या पेशीत निळा उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं. उजेड पडला की ते रंग तयार करायच्या कामाला हुकूम सोडतं. गाजरात असतो त्याच जातीचा रंग. उन्हानं पेशीचं नुकसान होऊ नये म्हणून. मी धावत घरी येऊन बयला सांगितलं. ती भाताचं पाणी काढत होती. भात तसाच राहिला.

"म्हंजे रंग ही तिची छत्री हाय," बय म्हणाली. "आन निला दिसला की उघडते." मग, "पन गो, मंग रात झाली तिला कसं कलतं? छत्री मिटते का? आन सकाल व्हायच्या आधीच उघडायची तयारी करते का, का उजेड पडला की मंग धावपल?"

 हे मी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, बघून सांगते.

आता मी पडघ्याकडच्या एका मोठ्या गोडाऊनची तपासणी बघते. माझ्या हाताखाली मुली आहेत, त्यातल्या बऱ्याच माझ्यासारख्याच लांबून आलेल्या, कुलूप परत येऊन ओढून बघणाऱ्या. त्यांना पहिल्या दिवशी मी दोन ग्लास देते. बय थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण भेटायला गेलं की पहिलं वाक्य तेच: "रातीचं कललं का?" भिंतीवरचा माझा गोल अजून आहे.

बय, हे मी इथं लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता यायचं नाही. तुझ्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधते आहे. मिळालं की त्या दिवशी तुझ्या जिन्यावर येऊन बसेन. आणि एकटं उत्तर आणणार नाही. दोन आणेन, भांडू दे त्यांना.